घरातली पहिली वाचणारी

बाई फळ्याच्या खालच्या अर्ध्यातच लिहायच्या. वरचा अर्धा बारा महिने कोरा, नवा रंग चढवल्यासारखा काळाभोर. "पोरांचे डोळे इथे आहेत," असं म्हणून त्या स्वतःच्या कमरेपाशी आडवा हात धरून दाखवायच्या, "माझे वर आहेत म्हणून मी वर लिहू काय?" त्यापायी साठीला टेकलेली ही बाई दिवसभर वाकून लिहायची आणि संध्याकाळी कंबर धरून मेट्रोत चढायची. आमच्या प्रिन्सिपल मॅडमनी एकदा त्यांना लेखी कळवलं की फळा पूर्ण वापरावा. बाईंनी ते पत्र फळ्याच्या वरच्या अर्ध्यावर चिकटवलं आणि जागा वापरात आणली असं तोंडी उत्तर देऊन आल्या.

ही शाळा दिल्लीतली, मुनिरकाच्या जवळची, मध्यम फीची आणि मोठ्या नावाची. मी तिथे तीन वर्षं होते. नवरा फौजेत, त्याची बदली दिल्लीला झाली, कॅन्टोन्मेंटमध्ये क्वार्टर मिळालं, आणि साताऱ्याचं डी.एड. पदरात घेऊन मी नोकरी शोधत फिरले. तिसरीची ब तुकडी मिळाली. अ तुकडी बाईंची. दोन वर्गांच्या मध्ये भिंत नव्हती, प्लायवूडचं पार्टिशन होतं, त्यामुळे माझं निम्मं शिकवणं बाईंच्या शिकवण्याखाली दबून जाई.

पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये त्यांनी माझं हिंदी दोन वाक्यं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कुठली तू?"

"साताऱ्याची, मॅम."

"मग मला मॅम कशाला म्हणून राहिली? बाई म्हण. अठ्ठावीस वर्षं झाली, या गावात मला कोणी बाई म्हटलं नाही."

तेव्हापासून मी त्यांना बाई म्हणू लागले आणि त्या मला सातारकर. त्या स्वतः यवतमाळकडच्या. यजमान सरकारी खात्यात होते, ते गेल्यावर मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये एकट्याच राहायच्या. सुती साडी, तिच्याखाली पांढरे स्पोर्ट्स शूज आणि मनगटावर यजमानांचं पुरुषी घड्याळ. दसऱ्याला न चुकता नागपूरला जायच्या, दीक्षाभूमीवर. त्या चार दिवसांची रजा प्रिन्सिपल मॅडमनी एकदाच नाकारून पाहिली होती, पुन्हा नाही.

मेट्रोतल्या त्यांच्या गोष्टी शाळेत पसरलेल्या होत्या. घरी वह्या तपासायला वेळ पुरत नाही म्हणून त्या गाडीत तपासायच्या, आणि शेजारी कोणी टाय लावलेला दिसला की पाच वह्या त्याच्या मांडीवर ठेवायच्या. "आप पढ़े-लिखे लगते हैं. ये पाँच देख दीजिए, मेरा स्टेशन आने वाला है." लोक म्हणे बघून द्यायचे. एका गृहस्थाने एका मुलाच्या वहीत खाली स्वतःची सही करून हुद्दासुद्धा लिहिला होता. बाईंनी तो खोडला नाही. "त्यालाही कोणी तरी शाबासकी द्यायला पाहिजे ना," म्हणाल्या.

मी काही विचारायला धावत गेले की एकच वाक्य ऐकायला मिळे. "थांब सातारकर, घाई दिल्लीला आहे. आपल्याला नाही."

खरं सांगायचं तर त्या शाळेत मी टिकले ती बाईंच्या डब्यापाशी. मधल्या सुट्टीत आम्ही दोघी खिडकीत उभ्या राहून खायचो आणि वीस मिनिटं मराठीत बोलायचो. दिवसातली उरलेली सगळी बोलणी मला तोलूनमापून करावी लागत. ती वीस मिनिटं मात्र मी घरची असायची. ती मी माझ्याच तोंडाने घालवली, ते आता सांगते.

डिसेंबरचे शेवटचे दिवस होते. तिसरीच्या पुस्तकात एक पान होतं, मुलींसाठी पहिली शाळा काढणाऱ्या पुण्याच्या त्या थोर बाईंवर. कोणाबद्दल बोलतेय ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. प्रिन्सिपल मॅडमची इच्छा होती की सुट्टीनंतर दोन्ही तुकड्यांनी मिळून त्यावर काही तरी "अच्छा सा" करावं. चार्ट, फॅन्सी ड्रेस, फोटो. मला वाटलं, आपण बाईंना मान द्यावा. मी डब्यातलं थालीपीठ मोडत म्हटलं, "बाई, तुम्हीच करा ना ते. मी आपली मागे राहते. तुमच्यातल्याच त्या."

"माझ्यातल्या म्हणजे?"

"म्हणजे, तुमच्या समाजात त्यांना इतकं मानतात ना, म्हणून म्हटलं."

बाईंनी डब्याचं झाकण लावलं. रुमालाने बोटं पुसली, एकेक. मग म्हणाल्या, "अच्छा. मैडम, आपकी घंटी हो गई है."

घंटा झाली नव्हती. पण त्या दिवसापासून बाई माझ्याशी मराठीत बोलायच्या बंद झाल्या. रुसल्या नाहीत, भांडल्या नाहीत, तोंड फिरवलं नाही. उलट फार अदबीने वागू लागल्या. "जी मैडम. ज़रूर मैडम. आप रजिस्टर ले जाइए मैडम." सातारकर गेली, तू गेलं, सगळंच गेलं. शाळा उघडली तेव्हा संक्रांत नुकतीच झाली होती. मी घरून तीळ भाजून, गूळ कुटून वड्या करून नेल्या आणि त्यांच्यापुढे डबी धरली. "तिळगूळ घ्या बाई, गोड बोला." त्यांनी एक वडी उचलली, खाल्ली आणि म्हणाल्या, "थैंक यू मैडम. बहुत अच्छी बनी है."

मी घरी येऊन रडले. नवऱ्याने विचारलं तर सगळं सांगितलं. तो बूट पुसत बसला होता. मग म्हणाला, "तुझ्या आजीला लिहिता यायचं?" नाही, आजी अंगठा उठवायची. "आणि तू कोण? मास्तरीण. मग त्या बाई फक्त त्यांच्यातल्या कशा?" एवढं म्हणून तो पुन्हा बुटाला लागला. मला कोणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

पार्टिशनच्या पलीकडे मात्र त्या जानेवारीत जे चाललं होतं, ते मी जन्मात विसरणार नाही. बाईंनी चार्ट केला नाही. पहिल्या दिवशी मुलांना विचारलं, "एका बाईंनी खूप वर्षांपूर्वी पुण्यात मुलींना शिकवायला सुरुवात केली, असं पुस्तकात लिहिलंय. याचा पुरावा काय?" मुलं म्हणाली, पुस्तक. बाई म्हणाल्या, पुस्तकात कोणी काहीही लिहील. पुरावा तुमच्या घरात आहे. घरी जा आणि विचारून या, आपल्या घरातली वाचायला शिकलेली पहिली बाई कोण?

हे त्या दरवर्षी करत, असं मला नंतर कळलं. सरकारी हजेरीपट निराळा राहायचा. त्याशिवाय खाकी पुठ्ठ्याची एक वही निघायची. त्या महिनाभर मुलांनी आपल्या नावाने हजेरी द्यायची नाही, घरातल्या त्या पहिल्या वाचणारीच्या नावाने द्यायची. धुक्याने खिडक्या पांढऱ्या झालेल्या असत, मुलं स्वेटरच्या बाह्यांत हात ओढून बसलेली असत, आणि पलीकडून एकेक आवाज यायचा.

"शकुंतला देवी, मेरी परदादी, हाज़िर."

"हरप्रीत कौर, मेरी नानी, हाज़िर."

"सुमन, मेरी मम्मी, हाज़िर."

सगळ्यांच्या आधी बाई स्वतः द्यायच्या. "सुभद्रा, मेरी माँ, हाज़िर." त्यांची आई चौथी पास होती, हे स्टाफरूममध्ये सगळ्यांना माहीत होतं.

हजेरी झाली की त्या पुण्याच्या बाईंची गोष्ट, रोज एकच घास. नाव सांगत नसत. "नाव कळलं की पोरं वही मिटतात," हे मला पूर्वी मराठीत सांगितलेलं. मुलं आपली 'पूना वाली मैडम' म्हणायची. एके दिवशी बाईंनी सांगितलं, उद्या घरून एक जास्तीची ओढणी किंवा जास्तीचा शर्ट घेऊन या आणि दिवसभर जवळ वागवा. शाळेत जाताना पूना वाली मैडमवर लोक शेण फेकायचे, म्हणून त्या बदलायला एक साडी बरोबर ठेवायच्या. मुलांनी विचारलं, मग आमच्यावर कोण फेकणार? "कोणी नाही. पण कोणी तरी फेकेल असं समजून घरातून निघायचं कसं असतं, तेवढं बघा." दुसऱ्या दिवशी आठ वर्षांची ती पोरं खेळाच्या तासालाही काखेत कपडा धरून फिरत होती. माझ्या वर्गातल्या मुलांनी हट्ट धरला, म्हणून मीही त्यांना तसंच करायला सांगितलं.

अ तुकडीत नीतू नावाची एक मुलगी होती. गरीब घरांतल्या मुलांसाठी शाळेला काही जागा ठेवाव्या लागतात, त्यातल्या एका जागेवर आलेली. आई मुनिरकात मुलींच्या पीजी होस्टेलमध्ये स्वयंपाक करायची, वडील कुठे तरी गार्ड होते. हजेरीत सगळ्यांत खणखणीत आवाज हिचा. "रामकली, मेरी नानी, हाज़िर!" आणि नानीबद्दल रोज नवं काही तरी. नानी गावातल्या सगळ्यांची पत्रं वाचून दाखवते. नानीने सरपंचाला कागदातली चूक दाखवली. नानी आता दिल्लीला आमच्याकडेच आली आहे, डोळ्यांच्या इलाजासाठी, तरी रोज पेपर वाचते.

मग बाईंनी चिठ्ठ्या पाठवल्या. फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी, ज्या पहिल्या वाचणाऱ्या दिल्लीत असतील त्यांनी वर्गात यावं आणि मुलांच्या पुस्तकातली एक ओळ मोठ्याने वाचावी. ज्या लांब असतील किंवा हयात नसतील, त्यांच्या वतीने घरातल्या कोणी तरी यावं.

चिठ्ठी मिळाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून नीतू शाळेत यायची बंद झाली. दोन दिवस गेले, चार गेले, आठवडा गेला. पलीकडच्या हजेरीत एक आवाज कमी झाला, आणि तो सगळ्यात मोठा होता, म्हणून मलाही ते जाणवायचं. एका दुपारी बाई माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "मैडम, आपकी बस मुनिरका होकर जाती है ना? मुझे एक घर ढूँढना है."

आम्ही दोघी गेलो. मुनिरकाच्या गल्ल्या म्हणजे दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला लागायचं. वर वायरींचं जंजाळ, खाली फोटोकॉपीची दुकानं, मोमोच्या वाफा, पाठीवर पिशव्या घेतलेली विद्यापीठातली पोरं. बाई त्या पांढऱ्या बुटांत पुढे आणि मी मागे. तीन ठिकाणी विचारून पीजी सापडलं. तळमजल्यावर स्वयंपाकघर आणि त्यामागे एक खोली. नीतूची आई कणकेच्या परातीपुढे बसली होती. आम्हाला पाहून उठली, हात पुसायला कपडा सापडेना म्हणून हात मागे लपवून उभी राहिली.

बाईंनी विचारलं, नानी कशा आहेत?

"कौन नानी?" ती म्हणाली. "मेरी अम्मा तो नीतू के होने से पहले ही चली गईं."

मग बाईंनी पेपर वाचणाऱ्या नानीबद्दल हळूहळू विचारलं आणि तिने सांगितलं. अम्मा अंगठा उठवायची. ती स्वतःही अंगठाच उठवते. घरात कोणीच वाचणारी नाही. आठवडाभर पोरगी म्हणते, पोटात दुखतं, शाळेत जाणार नाही. मारून पाहिलं, गोंजारून पाहिलं. नीतूच्या बापाने आता ठरवलंय, होळीला गावाला नेऊन काकीपाशी ठेवायचं. धाकट्यांना सांभाळेल. "पढ़ना ही नहीं है तो यहाँ रखकर क्या करें, मैडम जी." एवढं बोलता बोलता तिला नानीच्या सवालाचा अर्थ लागला. ती खोलीकडे वळून ओरडली, "नीतू! मरी हुई नानी से अख़बार पढ़वाती है तू? निकल बाहर!" खाटेखाली काही हललं, बाहेर कोणी आलं नाही.

बाई एकदम खाली बसल्या. खुर्ची होती, तिच्यावर नाही, जमिनीवर, खाटेपाशी. त्यांचा चेहरा असा झाला होता की मला भीती वाटली. होळीला तीन आठवडे उरले होते. एक मुलगी शाळेतून जाणार होती आणि तिला घालवणारा तो धडा बाईंनी स्वतः हौसेने रचला होता, इतकी वर्षं रचला होता. कोणी शेण फेकलं नव्हतं. फक्त एक प्रश्न विचारला होता.

मागे कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या. मग बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "माझी आई वाचत नव्हती गं."

दोन महिन्यांत त्या माझ्याशी मराठीत बोललेलं ते पहिलं वाक्य. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

"कापूस वेचायची. मी शाळेत असले की फाटकाबाहेर येऊन बसायची, काम नसलं की. मास्तरांनी मला मारलं तर ऐकू यावं म्हणून. अक्षर एक येत नव्हतं तिला. मी इथे नवीन लागले ना, तेव्हा स्टाफरूममध्ये एकीने विचारलं, आपके यहाँ तो आप ही पहली पढ़ी-लिखी होंगी? असं विचारलं, जशी माझी कीवच करून राहिली. माझ्या तोंडून निघून गेलं, नाही, माझी आई चौथी पास आहे. चौथीच का म्हटलं कोण जाणे. सातवी म्हटलं असतं तर कोणाला खरं वाटलं नसतं, असं वाटलं असेल. मग ते तसंच राहिलं. ही वही काढली, तेव्हा तिच्यात पहिलं नाव तिचंच लिहावं लागलं."

त्या स्टाफरूममधल्या बाईने जे विचारलं होतं आणि मी थालीपीठ मोडत जे म्हटलं होतं, त्यात काडीचा फरक नव्हता. दोघींनीही त्यांना एका बाजूला बसवलं होतं आणि स्वतः दुसऱ्या बाजूला बसलो होतो. मी म्हटलं, "बाई, मी चुकले. मला माफ करा."

"ते मग," त्या म्हणाल्या. "आधी हिला काढू."

त्या वाकल्या आणि खाटेखाली पाहून हिंदीत बोलू लागल्या. म्हणाल्या, नीतू, झूठ मैंने भी बोला है. मेरी माँ भी नहीं पढ़ती थी. खाटेखालून आवाज आला, "कितनी बार बोला?"

"हर साल. पूरे महीने."

"तो आपको स्कूल से निकाल देंगे?"

"पता नहीं," बाई म्हणाल्या. "शनिवार को सबके सामने बता दूँगी, फिर देखते हैं. पर अकेले बताने में मुझे डर लगता है. तू साथ खड़ी रहेगी?"

बाईंना भीती वाटते हे मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि ते मुलीला समजवायला म्हटलेलं नव्हतं. नीतू लगेच बाहेर आली नाही. पण शुक्रवारी शाळेत आली, उशिरा, आणि सगळ्यांत मागे बसली.

शनिवारी ऊन छान पडलं होतं. पार्टिशन सरकवून आम्ही दोन्ही वर्ग एक केले. बायका आल्या, आज्या आल्या. एक पणजी व्हीलचेअरवर आली, तिच्या हातात भिंग. एक आई ऑफिसची सुट्टी काढून लॅपटॉपच्या बॅगेसकट आलेली. प्रिन्सिपल मॅडम पुढच्या रांगेत, फोटोग्राफरला घेऊन. नीतूची आई दाराशी उभी होती, अर्धी आत, अर्धी बाहेर, दुपारच्या पोळ्या टाकून आलेली. बाह्यांना पीठ होतं. मी तिला आत बोलावलं, खुर्ची दाखवली. "यहीं ठीक हूँ," म्हणाली.

बाईंनी आधी त्या पुण्याच्या मैडमचं नाव सांगितलं. मुलांना त्याचं फारसं काही वाटलं नाही, ती त्यांच्या ओळखीची केव्हाच झाली होती. मग बाईंनी खाकी वही उघडली आणि हिंदीत म्हणाल्या, "या वहीत पहिलं नाव चुकीचं आहे. ते मी लिहिलंय. माझ्या आईला वाचता येत नव्हतं. मला लाज वाटायची म्हणून मी खोटं बोलले. माझ्या घरातली पहिली वाचणारी मी आहे." त्यांनी सगळ्यांसमोर 'सुभद्रा' या नावावर रेघ मारली, बाजूला स्वतःचं नाव लिहिलं, स्वतःचं नाव मोठ्याने घेतलं आणि म्हणाल्या, "हाज़िर."

स्टाफमधल्या दोघी-तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. प्रिन्सिपल मॅडमनी फोटोग्राफरला हाताने थांबवलं. मला वाटलं, आता कोणी काही बोलेल. त्याआधीच नीतू आपल्या जागेवरून उठून बाईंच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

मग ओळीने हजेरी सुरू झाली. पणजीने भिंग धरून एक ओळ वाचायला पाच मिनिटं घेतली आणि वाचल्यावर दुसरी वाचू का म्हणून विचारलं. बायका हसल्या, काही रडल्या. नीतूची पाळी आली. ती आधी पुटपुटली, मग बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग तिचा तो जुना आवाज निघाला. "नीतू. मैं ख़ुद. हाज़िर." बाकावरचं एक पोरगं फिस्सकन हसलं. नीतूने पुस्तक उघडलं आणि एक ओळ वाचायची होती तिथे अख्खं पान वाचलं, कुठेही न थांबता. ते पोरगं पुन्हा हसलं नाही.

झालं सगळं. बाईंनी वही मिटली, चष्मा काढला. प्रिन्सिपल मॅडम आभाराचं बोलायला उठल्या. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"मैडम जी, मेरा नाम तो बोला ही नहीं."

सगळ्यांनी वळून पाहिलं. नीतूची आई. तिला स्वतःलाच आपण बोललो याचं आश्चर्य वाटत असावं, पदर तोंडाशी गेला होता. पण ती मागे सरली नाही.

"मैं पढ़ी नहीं हूँ," ती म्हणाली, "पर यहाँ आई तो हूँ ना. इसको रोज़ नहला के, चोटी करके, मैं ही भेजती हूँ."

बाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत त्या वहीत शेकडो बायकांची नावं त्यांनी लिहिली असतील. ज्या वाचायला शिकल्या त्यांची. ज्यांनी पाठवलं, फाटकाबाहेर थांबल्या, त्यांच्यासाठी तिच्यात रकानाच नव्हता. हे त्यांना त्या क्षणी दिसलं, आणि ते दिसताना मी त्यांना पाहत होते. त्यांनी विचारलं, "आपका शुभ नाम?"

"गेंदा."

बाईंनी वही उघडली नाही. हजेरी घेतात तशा ताठ उभ्या राहिल्या आणि हाक दिली, "गेंदा देवी."

"हाज़िर," नीतूची आई म्हणाली, आणि मग उंबरठा ओलांडून आत आली.

बाई अजून उभ्याच होत्या. आता संपलं असं वाटून बायका खुर्च्या सरकवू लागल्या, मुलांची चुळबुळ सुरू झाली. बाईंनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि आणखी एक हाक दिली.

"सुभद्रा."

कोणीच उठलं नाही. मुलं इकडेतिकडे पाहू लागली, दाराकडे पाहू लागली, अजून कोणाची आई बाहेर राहिली आहे का म्हणून. बाईंनी वाट पाहिली, कोणी उशिरा आलेलं असलं तर त्याची पाहतात तेवढी. मग मान खाली घालून त्या हळूच, मराठीत म्हणाल्या, "हजर."